आडवं होणं आणि आडवं करणं : 'लाय' की 'ले'?

भाच्याचा मेसेज सकाळी सात वाजता आला. "मावशी, रजेचा मेल आहे, एकदा बघ ना. लगेच पाठवायचाय." खाली चार वाक्यं होती:

"आय ॲम लेइंग इन बेड सिन्स मंडे. लास्ट नाइट आय लाइड डाऊन ॲट सेव्हन. द साइन्ड पेपर्स आर लेइंग ऑन युवर टेबल. आय लाय देम देअर ऑन फ्रायडे."

म्हणायचं काय ते स्वच्छ कळत होतं. सोमवारपासून अंथरुणाला खिळलोय, काल रात्री सातलाच आडवा झालो, सह्या झालेले कागद तुमच्या टेबलावर आहेत, शुक्रवारीच ठेवलेत. पण वाक्यं चार आणि चारही चुकलेली. पहिलं वाक्य काटेकोरपणे वाचलं, तर हा मुलगा सोमवारपासून अंथरुणात काहीतरी घालतोय, बहुधा अंडी. दुसऱ्यात त्याच्याकडून काल सात वाजता खोटं बोललं गेलंय. तिसऱ्यात अंडी घालायची पाळी कागदांवर आलीय.

दोष त्याचा एकट्याचा नाही. इंग्रजी ज्यांची मायबोली, त्यांचाही पाय इथे हमखास घसरतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे रोज ऐकलं असेल. योग शिकवणारी बाई "ले डाऊन ऑन युवर बॅक" म्हणते आणि कुत्र्याला शिस्त लावणारा त्याला "ले डाऊन" म्हणतो. बायरनसारख्या कवीने १८१८ साली छापलेल्या एका ओळीत 'लाय'च्या जागी 'ले' वापरलंय आणि त्यावर अभ्यासक अजून चर्चा करतात. तेव्हा चुकलं म्हणून कानकोंडं होण्याचं कारण नाही. उलट मराठी माणसाला हा घोळ इंग्रजांपेक्षा लवकर सुटायला हवा, कारण त्याची किल्ली आपल्या व्याकरणात आयती पडलेली आहे. आपण ती वापरत नाही, एवढंच.

आधी तिघांना वेगळं करा

घोळ दोन क्रियापदांचा वाटतो, पण आहे तिघांचा. एकदा कागदावर हाताने लिहून काढा. मोबाइलवर वाचून हे डोक्यात राहत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव.

पहिलं 'लाय', स्पेलिंग एल-आय-ई. अर्थ: आडवं होणं, पडून असणं, एखाद्या जागी असणं. रूपं: लाय, भूतकाळात ले, 'हॅव'नंतर लेन, चालू काळात लाइंग.

दुसरं 'ले', स्पेलिंग एल-ए-वाय. अर्थ: आडवं करणं, ठेवणं, अंथरणं, घालणं. रूपं: ले, लेड, लेड, लेइंग.

तिसरं पुन्हा 'लाय', स्पेलिंग पहिल्यासारखंच. अर्थ: खोटं बोलणं. रूपं: लाय, लाइड, लाइड, लाइंग.

आता पहिल्याचा भूतकाळ बघा आणि दुसऱ्याचा वर्तमानकाळ बघा. दोन्हीकडे 'ले'. सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे. बाकीच्या चुका याच खड्ड्यातून निघतात.

स्पेलिंगच्या दोन गोष्टी इथेच उरकून टाकू. 'लेड' हे एल-ए-आय-डी असं लिहायचं, 'पे'चं 'पेड' होतं त्याच चालीवर. एल-ए-वाय-ई-डी असा भूतकाळ प्रमाण इंग्रजीत नाही. आणि 'लाइंग' लिहिताना आय-ई जाऊन वाय येतो, जसं 'डाय'चं 'डाइंग' आणि 'टाय'चं 'टाइंग' होतं.

'ने' लावून बघा

शाळेत कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकताना आपण जांभया दिल्या. त्यांचा उपयोग इथे होतो.

मराठीत सामान्य भूतकाळात वाक्य टाकलं की काही क्रियापदांच्या कर्त्याला 'ने' चिकटतो आणि काहींच्या चिकटत नाही. तो पडला, पण त्याने पाडलं. ती निजली, पण तिने निजवलं. आजोबा आडवे झाले, पण पैलवानाने प्रतिस्पर्ध्याला आडवं केलं. जिथे कर्ता स्वतःपुरतं काही करतो तिथे 'ने' नाही. जिथे कर्त्याच्या करण्याने दुसऱ्या वस्तूला काही होतं तिथे 'ने' आहे.

इंग्रजीत 'लाय' आणि 'ले' यांच्यातला फरक नेमका हाच आहे. म्हणून कृती अशी करायची. जे म्हणायचंय ते आधी मराठीत, तिसऱ्या माणसाबद्दल, भूतकाळात म्हणायचं. 'ने' किंवा अनेकवचनी 'नी' आला, तर 'ले'चं कुटुंब. नाही आला, तर 'लाय'चं. तिसरा माणूस अशासाठी की 'मी' आणि 'तू' यांना हा 'ने' दिसत नाही. भूतकाळ अशासाठी की "आई ठेवते" आणि "आई ठेवेल" यांतही तो दिसत नाही.

करून बघू. मांजर चटईवर पडलं: 'ने' नाही, म्हणून 'लाय'. गवंड्याने विटा रचल्या: 'ने' आहे, म्हणून 'ले'. कोंबडीने अंडं घातलं: 'ले'. पत्र आठवडाभर टेबलावर पडून राहिलं: 'लाय'. आईने बाळाला पाळण्यात ठेवलं: 'ले'. बाळ पाळण्यात पडून होतं: 'लाय'.

गंमत म्हणजे खोटं बोलणाऱ्यालाही ही चाचणी बरोबर पकडते. "तो खोटं बोलला" यात 'ने' नाही, आणि इंग्रजीतही 'लाय'च. (हल्ली "त्याने खोटं बोललं" असंही कानावर येतं. ते बोलणाऱ्यांनी हे एक वाक्य चाचणीतून वगळावं.)

कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्याला तर ही चाचणीसुद्धा नको. मांसासाठी ब्रॉयलर आणि अंड्यांसाठी लेअर, हे शब्द आपल्या गावोगावी रुळलेत. अंडी 'ले' करते ती लेअर. अंथरुणात पडलेला माणूस लेअर नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्म्या चुका टळतात.

जिथे 'ने' फसवतो

मराठी भाषा साधी नाही, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी ही चाचणी दगा देते.

"दुपारी आजीने जरा पाठ टेकली." "त्याने आल्याआल्या पलंगावर अंग टाकलं." दोन्हीकडे 'ने' आहे, तरी इंग्रजीत इथे 'लाय डाऊन'च हवं. आजी आडवी झाली, एवढाच अर्थ आहे. 'ने' आला तो पाठ आणि अंग ही कर्मं वाक्यात बसलीत म्हणून. अशा वेळी वाक्प्रचार सोडून "आडवी झाली" असं सपाट वाक्य करायचं आणि मग चाचणी लावायची.

अंग टाकण्याची ही लकब इंग्रजीतही आहे. झोपण्यापूर्वी मुलांना म्हणायला लावायची एक जुनी प्रार्थना आहे, अठराव्या शतकापासूनची. तिची सुरुवात "नाऊ आय ले मी डाऊन टू स्लीप" अशी होते. 'मी' म्हणजे स्वतःला. मी स्वतःला आडवं करतो, म्हणजे अंग टाकतो, म्हणून तिथे 'ले' बरोबर. तो 'मी' खाऊन टाकला की उरतं "आय ले डाऊन", आणि ते वर्तमानकाळात चूक. पिढ्यान्‌पिढ्या ही प्रार्थना कानावर पडलेल्यांची जीभ 'ले'कडे वळत असेल, तर नवल नाही.

दुसरी फसगत झोपण्याची. आपण "झोपून वाचू नकोस" म्हणतो तेव्हा वाचणारा टक्क जागा असतो. डॉक्टर "झोपा, पोट तपासतो" म्हणतात तेव्हा त्यांना तुम्ही घोरायला नको असता. मराठीत 'झोपणं' हे निद्रेचंही आहे आणि आडवं होण्याचंही. इंग्रजीत 'स्लीप' फक्त निद्रेचं. "डोन्ट रीड व्हाइल स्लीपिंग" हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या आईबापांच्या तोंडून ऐकलंय. हवं ते असं: "डोन्ट रीड लाइंग डाऊन."

तिसरी फसगत 'पडलंय'ची. "चेंडू गवतात पडलाय." यातलं 'पडलाय' हे रूप झालेल्या गोष्टीचं, पण सांगतं आत्ताची स्थिती. त्याचं शब्दशः इंग्रजी केलं तर "हॅज फॉलन" होतं, म्हणजे पडण्याची घटना. चेंडू तिथे आहे हे सांगायचं असेल तर "द बॉल इज लाइंग इन द ग्रास." घटना की स्थिती, हा प्रश्न स्वतःला विचारायचा. पलंगावरून पडला तर 'फेल', पलंगावर पडला तर 'ले'.

भूतकाळाचा खड्डा

खरा वेळ इथे द्यायचा. वर्तमानकाळ दोन दिवसांत अंगवळणी पडतो. भूतकाळाला महिना लागतो.

मराठी वाक्य: काल तो दिवसभर पडून होता. 'ने' नाही, म्हणजे 'लाय'. भूतकाळ, म्हणजे 'ले'. "ही ले इन बेड ऑल डे येस्टरडे." हे वाक्य बरोबर आहे आणि नेमकं हेच आपल्याला चूक वाटतं, कारण 'ले' चुकीचं असतं एवढं कुणीतरी डोक्यात भरवलेलं असतं. मग ते टाळायला आपण 'लाइड' लिहितो. "ही लाइड इन बेड." वाचणाऱ्याला वाटतं, अंथरुणात पडल्यापडल्या याने कुणाला थाप मारली? आपल्याकडच्या लिखाणात मला सर्वांत जास्त सापडणारी चूक हीच, 'लाइड'ची. 'लाइड' दिसलं की समोर खोटं बोलणारा माणूस उभा करायचा. तो वाक्यात नसेल, तर शब्द चुकलाय.

वाचताना ओळखायची एक सोपी खूण. 'ही', 'शी' किंवा 'इट' यांच्यापुढे नुसतं 'ले' आलं, शेवटी एस नाही, तर ते साधारणपणे पहिल्या 'लाय'चा भूतकाळ असतं. वर्तमानकाळ असता तर "शी लेज द मॅट" असा एस लागला असता. "शी ले ऑन द मॅट" म्हणजे ती चटईवर पडली होती. "शी लेड द मॅट" म्हणजे तिने चटई अंथरली.

'लेन' हे रूप मात्र आता पुस्तकी झालंय. "द लेटर हॅज लेन देअर फॉर अ वीक" व्याकरणाने निर्दोष आहे, पण कानाला पोशाखी वाटतं. मी तिथे सरळ "हॅज बीन लाइंग" लिहिते. अर्थ तोच राहतो आणि गोंधळही टळतो.

'ले' हे एकच रूप दोघांच्या वाट्याला आलंच कसं? हा भाग वाचला नाही तरी काम अडणार नाही, पण मराठी वाचणाऱ्याला यात मजा आहे. संस्कृतात पतति म्हणजे पडतो आणि पातयति म्हणजे पाडतो. मूळ धातूतला स्वर बदलून प्रयोजक क्रियापद तयार होतं. त्यातूनच आपलं पडणं-पाडणं आलं. मरणं-मारणं, तरणं-तारणं, चरणं-चारणं ही सगळी त्याच घरातली. इंग्रजीच्या पूर्वज भाषेतही हीच युक्ती होती, कारण संस्कृत आणि इंग्रजी दोन्ही मागे जाऊन एकाच मूळ भाषेला मिळतात. भाषापंडित विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात भाषण करताना संस्कृतचं ग्रीक-लॅटिनशी नातं मांडलं आणि इंग्रजी ज्यात मोडते त्या जर्मन भाषाघराण्याकडेही बोट दाखवलं होतं. त्या नात्याचा पुरावा 'सिट' आणि 'सेट' या जोडीत अजून जिवंत आहे. संसद, सभासद, उपनिषद या शब्दांतला 'सद्' म्हणजे बसणं. इंग्रजीतलं 'सिट' त्याच धातूचं. त्या धातूचं प्रयोजक रूप सादयति, म्हणजे बसवतो, आणि इंग्रजीत त्याचा सख्खा भाऊ 'सेट'.

'लाय' आणि 'ले' ही अशीच बसणं-बसवणंसारखी जोडी. जुन्या इंग्रजीत ही रूपं कानाला वेगवेगळी लागत. पण प्रयोजक रूप बनवताना जो स्वर वापरला गेला तोच मूळ क्रियापदाच्या भूतकाळातही होता. पुढे हजार वर्षांत शेवटची अक्षरं झिजली आणि दोन रूपं एकमेकांवर येऊन बसली. तेव्हा हा घोळ तुमच्या आळशीपणाचा नाही, अक्षरांच्या झिजेचा आहे.

'ठेवलं' म्हणजे दर वेळी 'ले' नव्हे

चाचणी जमली की नवा उत्साह येतो आणि माणूस सगळीकडे 'लेड' पेरत सुटतो. तिथे थांबा.

रोजच्या ठेवण्याला इंग्रजीत 'पुट' पुरे असतं. डबा फ्रिजमध्ये ठेवला: 'पुट'. आपल्याकडे इथे 'केप्ट' लिहायची सवय आहे, पण 'कीप' म्हणजे ठेवून देणं, सांभाळून ठेवणं. 'ले' वापरायचं ते वस्तू आडवी, सपाट, पसरून किंवा ओळीने ठेवली असेल तेव्हा. बाटली उभी ठेवली तर 'पुट', आडवी ठेवली तर 'लेड'. चटई, सतरंजी, लादी, विटा, रूळ, पाइप, केबल या सगळ्या 'ले'च्या वस्तू.

मराठीत यांतल्या प्रत्येकीला वेगळं क्रियापद आहे, आणि हे मला आपल्या भाषेचं वैभव वाटतं. सतरंजी अंथरतात, लादी बसवतात, विटा रचतात, पाइपलाइन टाकतात, पाया घालतात, पानं मांडतात. इंग्रजी या सगळ्यांना एकाच 'ले'मध्ये कोंबते. म्हणून मराठीतून इंग्रजी करताना शब्दाला शब्द शोधू नका, हाताची हालचाल डोळ्यांसमोर आणा. हात पसरतोय, आडवं करतोय, ओळीने लावतोय, तर 'ले'. "अंगात सदरा घातला" यातही 'घातला' आहे आणि 'ने'ही येतो, पण तिथे 'ले' चालणार नाही, कारण काहीच आडवं झालेलं नाही.

बोरीबंदर ते ठाणे हा ३४ किलोमीटरचा मार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला. ते रूळ 'वेअर लेड'. गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते झाली. तिथे "द फाउंडेशन स्टोन वॉज लेड." आपल्या शाळा, दवाखाने, पूल यांच्या इंग्रजी कोनशिलांवर हेच 'वॉज लेड बाय' कोरलेलं दिसेल. येताजाता वाचत चला, फुकटचा सराव होतो.

या कोनशिलांनी आणखी एक अडचण समोर आणली. त्या वाक्यांत दगड कर्त्याच्या जागी आहे, मग 'ने' कुठे शोधायचा? मराठीत "करण्यात आली", "बसवण्यात आली" असं म्हणता आलं तर करणारा कुणीतरी आहे, तो फक्त दिसत नाही. तिथे 'वॉज लेड'. "केबल रस्त्याखाली टाकण्यात आली": वॉज लेड. "तुटलेली केबल रस्त्यावर पडून होती": वॉज लाइंग. वर्तमानपत्रात किंवा अहवालात लिहिणाऱ्यांनी ही जोडी पाठच करावी, कारण दुसऱ्या वाक्यात 'वॉज लेइंग' लिहिलं की केबलच काहीतरी अंथरू लागते.

अमूर्त गोष्टींचं काय

गावं, चुका, सत्य, अडचण, ही काही अंथरुणात पडत नाहीत, पण इंग्रजीत त्यांनाही 'लाय' लागतं. पुणे मुळा आणि मुठा यांच्या संगमावर वसलंय: "पुणे लाइज ॲट द कॉन्फ्लुअन्स." इथे 'इज लाइंग' नको, पुणे उद्या उठून जाणार नाही. चूक ठेकेदाराची आहे: "द फॉल्ट लाइज विथ द कॉन्ट्रॅक्टर." पण त्याने ठेकेदारावर खापर फोडलं, 'ने' आला: "ही लेड द ब्लेम ऑन द कॉन्ट्रॅक्टर."

भर दिला, हक्क सांगितला, अट घातली, शस्त्रं खाली ठेवली, ही सगळी 'ने'वाली आणि सगळी 'लेड'ची. मलेरियाने त्याला आडवं केलं: "मलेरिया लेड हिम लो." आणि काही दिवस गप पडून राहा, कुणाच्या नजरेत येऊ नकोस: "लाय लो." पावसाळ्यात आपण ज्याला सखल भाग म्हणतो, तो 'लो-लाइंग एरिया'. तिथे पाणी साचतं, तो भाग काही घालत नाही. मृत्यूच्या वैद्यकीय दाखल्यावरचा 'अंडरलाइंग कॉज' हाही याच 'लाय'चा, तळाशी असलेलं कारण. जुन्या प्रसूतिगृहांच्या नावात 'लाइंग-इन' असे, तिथेही बाळंतीण पडून राहते, आपली बाजेवरची बाळंतीण असते तशीच.

नोकरकपातीच्या दिवसांत एक सावधगिरी. कंपनीने माणसं कमी केली तर "ही वॉज लेड ऑफ." यातलं 'ऑफ' विसरून "आय गॉट लेड" म्हणालात, तर सहानुभूतीऐवजी हशा मिळेल. त्याचा अर्थ शय्यागृहातला आहे आणि बराच सलगीचा.

'लेमन', म्हणजे सामान्य माणूस, यातल्या 'ले'चा इथे काही संबंध नाही. तो ग्रीकमधून आलेला वेगळाच शब्द.

कोर्ट-कचेरीत काम करणाऱ्यांसाठी

मी अनुवाद करते, त्यामुळे हे दोन्ही शब्द मला सर्वांत जास्त कायद्याच्या कागदांत भेटतात, आणि तिथे त्यांची अदलाबदल झालेली खपत नाही.

अपील 'लाय' होतं. म्हणजे अपील करता येतं, अपिलाला जागा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १३२ मध्ये उच्च न्यायालयाच्या निर्णयावर, ठरावीक अटींवर, सर्वोच्च न्यायालयात "ॲन अपील शॅल लाय" असं म्हटलंय. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६(३) मध्ये पक्षकारांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर "नो अपील शॅल लाय." नव्या वकिलाच्या मसुद्यात इथे 'ले' आलेलं मी पाहिलंय. चाचणी लावली असती तर चुकला नसता. अपील चाललं, अपिलाने काही चालवलं नाही.

उलट, कागदपत्रं सभागृहापुढे 'लेड' होतात. अनुच्छेद १५१ प्रमाणे महालेखापरीक्षकांचे अहवाल संसदेच्या सभागृहांपुढे आणि राज्याच्या विधिमंडळापुढे ठेवले जातात, आणि अनुच्छेद ११२ प्रमाणे अर्थसंकल्पही. आपल्या विधिमंडळाच्या बातम्यांत "अहवाल पटलावर ठेवला" असं येतं. मंत्र्यांनी ठेवला, 'नी' आहे, म्हणून 'लेड ऑन द टेबल'. आणि तो अहवाल पुढे वर्षभर चर्चेविना तिथेच पडून राहिला, तर 'इट ले देअर'. एकाच कागदाच्या आयुष्यात दोन्ही क्रियापदं येऊन जातात.

किती जिवाला लावून घ्यायचं

बोलताना फार नाही. समोरचा "ले डाऊन" म्हणाला तर निमूट आडवं व्हा, त्याचं इंग्रजी सुधारायला जाऊ नका. गप्पांत, मित्रांच्या मेसेजात कुणी मोजत नाही. पण परीक्षा, नोकरीचा अर्ज, छापला जाणारा मजकूर, कायद्याचा मसुदा, इथे वाचणाऱ्याच्या मनात तुमच्याबद्दल मत तयार होत असतं, आणि या एका शब्दावरून माणूस जोखणारे लोक अजून आहेत. ते बरोबर की चूक हा वाद वेगळा. मला स्वतःला हा भेद टिकावासा वाटतो, कारण पडणं आणि पाडणं यांतला फरक मला मराठीतही महत्त्वाचा वाटतो.

सरावासाठी आठवडाभर एवढंच करा. रोज रात्री दोन वाक्यं लिहा. एक, आज कोण कुठे पडलं होतं. दुसरं, कुणी काय ठेवलं, अंथरलं किंवा टाकलं. दोन्ही भूतकाळात. उदाहरणार्थ, "बाबा सोफ्यावर पडले होते" आणि "आईने नवी चादर घातली." "बाबा ले ऑन द सोफा. आई लेड अ न्यू शीट." सातव्या दिवशी 'ने' मनात आपोआप उमटायला लागतो.

ते जमलं की 'राइज' आणि 'रेझ' ही जोडी पाच मिनिटांत सुटते. सूर्य उगवला, 'ने' नाही: 'रोझ'. त्याने हात वर केला, 'ने' आहे: 'रेझ्ड'. 'सिट' आणि 'सेट' वर येऊनच गेले. 'फॉल' आणि 'फेल' तर नमुनेदार आहेत. झाड पडलं, "द ट्री फेल", आणि लाकूडतोडे झाडं पाडतात, "दे फेल ट्रीज." एकाचा भूतकाळ दुसऱ्याचा वर्तमानकाळ, अगदी 'लाय'-'ले'सारखंच. पण झाडं पाडणाऱ्या 'फेल'ची गरज आपल्याला क्वचितच पडते, म्हणून त्यावर कुणी रडत नाही.

आणि तो मेल

भाच्याला मी उत्तर लिहिलं ते असं. पहिल्या वाक्यात सोमवारपासून आत्तापर्यंत चालू आहे, आणि 'ने' नाही: "आय हॅव बीन लाइंग इन बेड सिन्स मंडे." दुसऱ्यात काल आडवा झालो, 'ने' नाही, भूतकाळ: "लास्ट नाइट आय ले डाऊन ॲट सेव्हन." तिसऱ्यात कागद पडून आहेत: "द साइन्ड पेपर्स आर लाइंग ऑन युवर टेबल." चौथ्यात ठेवले कुणी? मी. 'मी'ला 'ने' दिसत नाही, म्हणून 'त्याने' करून बघ: त्याने ठेवले. "आय लेड देम देअर ऑन फ्रायडे."

प्रत्येक वाक्याखाली कारण लिहिलं, 'ने'ची चाचणी समजावली, लेअर कोंबडीचंही सांगितलं. दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला. "मावशी, भारी आहे हे. पण घाई होती, मी 'आय ॲम सिक, पेपर्स आर ऑन युवर टेबल' एवढंच पाठवलं."